मिस रोंडाचा निरोप

जोसायाने बरणी टेबलावर ठेवली आणि टोपी काढून हातात घेतली. "पेअरचा मुरंबा आहे, मिस रोंडा. आमच्याच झाडाची फळं. मीच केलाय, साखर जरा जास्त पडलीय. तुमचे आभार मानायला आलो."

रोंडाने हसून बरणी जवळ ओढली. आभार कशाचे, हे तिला काही केल्या आठवेना. ह्या पोराला तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण अलाबामातल्या त्या छोट्या कॉलेजात सल्लागार म्हणून तिच्या एकटीच्या माथी साडेचारशे पोरं मारलेली, चेहरे कुणाकुणाचे लक्षात ठेवणार? "बस ना," म्हणत तिने नाव विचारलं आणि बोलता बोलता कॉम्प्युटरवर टाकलं. जोसाया टिडवेल. नर्सिंगला जायची तयारी, पहिलं वर्ष. नावापुढे लाल ठिपका. वर्गात यायचं बंद झालं की सिस्टीम पोराला लाल करून टाकायची.

"बाबा घरी आलेत आता. उजवा हात थोडा हलायला लागलाय," जोसाया म्हणाला. "मी सोमवारपासून परत वर्गात बसतोय. तुम्ही सांगितलंत तसंच केलं बघा. घाई केली नाही. एकही विषय सोडला नाही."

रोंडाने पडद्यावरची तारीख पाहिली. विषय सोडायची शेवटची तारीख शुक्रवारीच उलटून गेली होती. तोवर अर्ज दिला असता तर नुसता 'सोडला' असा शेरा पडला असता आणि पोरगा पुढच्या सत्रात सुखाने परत आला असता. आता सगळ्या विषयांत नापास, फीसाठीची सरकारी मदत बंद, आणि नर्सिंगच्या जागेवर पाणी.

"मी? मी कधी सांगितलं?"

त्याने फोन पुढे केला. 'प्रिय जोसाया, तू वर्गात दिसत नाहीस. मला तुझी काळजी वाटते. सगळं ठीक ना? रोंडा.' त्याखाली त्याचं लांबलचक उत्तर. बाबांना अर्धांगवायूचा झटका आलाय, वाचा गेलीय, घरात दुसरं कोणी नाही, विषय सोडू की धरून ठेवू? आणि लगेच त्याच मिनिटाला आलेलं: 'कळवलंस, बरं केलंस. घाईने काही ठरवू नकोस. हवा तेवढा वेळ घे. मी तुझ्या पाठीशी आहे. भेट ठरवायला खालचं बटण दाब. रोंडा.'

शब्द तिचेच होते, नाही कशाला म्हणा. ऑगस्टमध्ये सिस्टीम शिकवायला साहेबांनी सगळ्यांना बसवलं, म्हणाले, मजकूर मायेचा असू द्या, पोरं उत्तरं देतात. बाकीच्यांनी कोरड्या ओळी खरडल्या. रोंडाने मन लावून लिहिलं आणि साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेव्हापासून लाल होईल त्या प्रत्येकाला तिच्या नावाने ते आपोआप जात होतं. आलेली उत्तरं तिने सुरुवातीला वाचली. मग ढीग साचला आणि वाचायचं राहिलं ते राहिलंच. साहेब मोजायचे ते फक्त निरोप किती गेले आणि भेटी किती ठरल्या.

"अरे, मग भेट का नाही ठरवलीस?"

"उत्तर तर मिळालं होतं की. तुमचा वेळ कशाला खायचा?"

तिने त्याला तारखेचं सांगितलं. तो कोंबड्या कापायच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सरळ इकडेच आला होता, डोळे लाल झालेले.

"मग आता?"

"अपील करता येतं. पण सल्लागाराकडून चुकीचं सांगितलं गेलं, असं सल्लागारानेच लिहून द्यावं लागतं."

"मग द्या ना लिहून," जेवताना मीठ मागावं इतक्या सहज तो म्हणाला.

 मागच्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्या बेव्हर्लीने असंच एका पोरीसाठी लिहून दिलं होतं. बेव्हर्लीचा करार पुढे वाढलाच नाही. रोंडाचा करार डिसेंबरात संपत होता. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की नवऱ्याचं डायलिसिस. एक ओळ लिहायची होती फक्त. तेवढी लिहिली की पोरगा सुटत होता.

"जोसाया, ते मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "सिस्टीम आपोआप पाठवते. सगळ्यांना तेच जातं. तुझं उत्तर मी वाचलंच नव्हतं."

बोलली त्यात खोटं काही नव्हतं. तरी तिला स्वतःची शिसारी आली.

"म्हणजे बाबांचं तुम्हाला आत्ता कळतंय."

"हो."

त्याने फोन खिशात टाकला. भांडेल, ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिलाही आवाज चढवता आला असता. तो नुसता उठला.

"आणखी काही मदत हवी का?" रोंडा बोलून गेली. प्रत्येक भेट ह्याच वाक्याने संपवायची सवय, जीभ चावेपर्यंत तोंडातून निघूनही गेलं होतं.

जोसाया दाराशी थांबला. विचारलंय म्हणून त्याने खरंच थोडा विचार केला.

"कामावरून आलो की तुमचा निरोप मी बाबांना वाचून दाखवायचो," तो म्हणाला. "म्हणायचो, घाबरू नका, कॉलेजात आपलं माणूस आहे. त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. आतापर्यंत तीन शब्द आलेत. पाणी, जोसाया, आणि रोंडा." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "तिसरा आता विसरायला कसा लावू, तेवढा सल्ला द्या."