अप्पांच्या डाव्या हाताची जागा

डब्यात भाकरीच्या खाली कागद होता. अमरेशला वाटलं, वाणसामानाची यादी असेल. घडी उलगडली तर वर लिहिलेलं, 'चिरंजीव अमरेश यास अव्वाचा आशीर्वाद.' अव्वा म्हणजे त्याची आई, रत्नम्मा. ती घरीच होती, दुकानापासून पाच मिनिटांवर. सकाळी तिनंच चहा दिला होता. तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाही आणि आता पत्र!

शिरूर अनंतपाळला अमरेशचं पाईप-फिटिंगचं दुकान. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला पाईप वळवायचे एल्बो मोजून देता देता तो वाचू लागला.

रत्नम्माला परवा हैदराबादहून मेलबर्नचं विमान धरायचं होतं. तिथं तिच्या लेकीचे, अक्षराचे, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण, सहा महिन्यांचा मुक्काम. पासष्टाव्या वर्षी बाई नव्या नवरीसारखी हरखली होती. लाडू वळून झाले, स्वेटर आला, बॅग भरली. आणि सोमवारी जेवताना गुरुपादप्पा काकांनी अमरेशच्या डोक्यात किडा सोडला.

"अमरेश, वहिनीला साखर हाय, बीपी हाय. तिकडं काही झालं तर? दादाच्या शेजारी कोण आणून बसवणार?"

लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि माती देतात. चार वर्षांमागं अप्पांना, म्हणजे अमरेशच्या वडिलांना, धोंडप्पांना, त्यांच्याच शेतात असं बसवलं होतं. जाण्याआधी त्यांनी अमरेशचा हात धरून बजावलं होतं, डाव्या हाताची जागा तुझ्या अव्वाची. तेव्हापासून त्या चार हात जमिनीत अमरेशनं सोयाबीनचा दाणा पडू दिला नव्हता. ट्रॅक्टर वळसा घालून जायचा. लोक म्हणायचे, रत्नम्मा पुण्यवान, पोरगा असावा तर असा. अमरेशलाही ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोला.

"अव्वा जाणार न्हाई," त्यानं ताटावरच निकाल देऊन टाकला. रत्नम्मा वाढत होती. ती गप्प राहिली. आणि गप्प राहिली म्हणजे तिला पटलं, असं या घरात पहिल्यापासून धरत आलेले. तिकीट रद्द करायचा फोन अमरेश आज जेवण झालं की करणार होता.

पत्रात लिहिलं होतं, 'तोंडावर बोलले की तू वरडतूस आन मला रडू येतं. म्हणून लिहून राहिले. मला तिकडं काही झालं तर मढं विमानात घालून आणू नका. अक्षराला फोनवर इचारलं. तिकडं बी माती देतात, पण बसवत न्हाईत, पेटीत निजवतात. निजवू दे. जलमभर चुलीपुढं बसूनच हाय. जरा पाठ तरी टेकंल.'

अमरेशला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरले.

"काय झालं शेठ?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"काही न्हाई. अव्वाचं पत्र हाय."

"कुठून आलं?"

घरून आलं, हे सांगायची अमरेशला लाज वाटली. त्यानं कागद उलटा केला. मागंही लिहिलेलं होतं.

'आन काही झालं न्हाई, धडधाकट परत आले, हितंच मेले, तरी मला अप्पाच्या शेजारी बसवू नको. अप्पा वाईट न्हवते. तुमाला त्यांनी काही कमी केलं न्हाई. पण चाळीस वरसं मी त्यांना इचारून उठले आन इचारून बसले. माहेराहून एक दिस उशिरा आले तर आठ दिस बोलत न्हवते. आता मेल्यावर बी तिथंच? जागेचं त्यांनी तुला सांगितलं, तू हाव म्हणलास. मी तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन हुबी होते. मला कुणी इचारलं न्हाई.'

अमरेशला अप्पांचा हात आठवला. हाताची पकड आठवली, शब्द न् शब्द आठवला. अव्वा कुठं उभी होती, ते मात्र काही केल्या आठवेना. सोमवारी ताटावर बसून आपणही तेच केलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

गिऱ्हाईकाला वाटेला लावून त्यानं फोन उचलला. तिकीटवाल्याला नाही, घरी लावला.

"अव्वा, तुला जायचंय का?"

"हाव." उत्तर इतकं चटकन आलं की तो दचकलाच. बहुतेक ती फोनपाशीच बसून होती.

"मग जा. परवा मी सोडायला येतो हैदराबादला." पुढचं विचारताना त्याची जीभ अडखळली. पण आता विचारायचंच असं त्यानं ठरवलं होतं. "आन... अप्पाजवळ न्हाई, तर मग तुझी जागा कुठं धरायची?"

 

"आताच कसं सांगू रं?" रत्नम्मा म्हणाली. "आजवर मी बघितलंय काय! जरा हिंडून तर येऊ दे. चार जागा बघते, मग सांगते."