फाळाची मऊ बाजू

नांगराचा फाळ वेल्डिंगच्या टेबलावर ठेवत शेतकरी म्हणाला, “आबा, हा झिजत नाही खरा, पण मातीत शिरतच नाही.”

आबांनी कडेवर बोट फिरवलं आणि ते ओशाळले. कार्बाइडच्या रॉडचा कडक थर फाळाला एकाच बाजूने द्यायचा असतो. मऊ बाजू मातीत झिजते, कडक बाजू टिकते आणि चालता चालता धार निघत राहते. आबांनी दोन्ही बाजू कडक करून ठेवल्या होत्या.

“आई गेल्यापासून तुमचं असंच चाललंय,” ग्राइंडर उचलत लेक म्हणाली.

घरात रागवायचं ते तिच्या आईने आणि मागाहून लेकीची समजूत काढायची ती आबांनी. आता रागवायचंही तेच बघत होते. आज सकाळी नुसता चहा सांडला, तर तिला केवढं बोलले होते.

एका बाजूचा थर लेकीने घासून काढला. “आबा, तुम्ही मऊच राहा. कडक व्हायला मी आहे.” मग थेट आईच्या आवाजात तिने विचारलं, “सकाळची गोळी घेतली?”

“घेतली.”

“खिसा दाखवा.”

गोळी खिशातच होती. कित्येक महिन्यांनी आबा हसले.