फक्त मराठी माणसांसाठी

"डावा पाय धरा त्याचा, डावा!" कबड्डीच्या मैदानाबाहेरून हिंदुराव आप्पा ओरडले. विट्याहून कोइमतूरला येऊन सोनं गाळणाऱ्यांच्या क्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाचा रौप्यमहोत्सवी सामना तिथल्याच तमिळ संघाशी होता. डावपेच मराठीत सांगायचे, म्हणजे समोरच्यांना कळणार नाहीत, ही आप्पांची युक्ती.

मंडळाची पोरं जन्मानं कोइमतूरची. ती एकमेकांची तोंडं बघत राहिली. चढाईला आलेल्या सेल्वमनं मात्र डावा पाय झटक्यात मागं घेतला, दोन गडी टिपले आणि सामना खिशात घातला.

"तुला मराठी येतंय व्हय रं?" आप्पा गरजले.

"बारा वर्षं तुमच्याच एका गाववाल्याच्या भट्टीवर होतो, आप्पा. शिव्या सगळ्या मराठीतच खाल्ल्या की!"

आप्पांना हसू आवरेना. "मग लेका, आमच्याकडनं का खेळत न्हाईस?"

सेल्वमनं मांडवावरच्या फलकाकडं बोट दाखवलं: 'फक्त मराठी माणसांसाठी.' "पण मग ह्यांना आत कुणी घेतलं?" त्यानं पोरांकडं बघत विचारलं.

आप्पांचं हसू थांबलं. तेवढ्यात पोरांनी तमिळमध्ये विचारलं, "आप्पा, काय म्हणतोय तो?"