विहिरीवरची तक्रारपेटी

गंगापूर रोडच्या एसी ऑफिसात आमच्या कारखान्याच्या पीएफ ट्रस्टची मीटिंग भरली होती. कामगारांचा पैसा एका केमिकल कंपनीच्या रोख्यांत घाला, म्हणून सल्लागार शेखर दामटून सांगत होता.

"याला म्हणतात जबाबदार गुंतवणूक! कंपनीने शेजारच्या गावात विहिरीवर तक्रारपेटी लावली. दोन वर्षांत एकही चिठ्ठी नाही!"

साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या लवकर सुचतात. कामगारांचे प्रतिनिधी झुंबरतात्या तेवढे हाताची घडी घालून बसले. ते त्याच गावचे.

"तात्या, काही शंका?" शेखरने हसत विचारलं.

 

"तुमच्या कंपनीनं पाणी नासवलं, तवापासून त्या विहिरीवर कुत्रंबी फिरकत नाय. चिठ्ठ्या काय भुतं टाकणार?"