इंटिग्रँड, उदाहरणासह

प्रबुद्धला नोकरी मिळाली नाही. पण लेक्चर आत्ता कुठे सुरू झालंय आणि गडी रंगात आलाय. तेव्हा तसं काही झालंच नाही असं धरू.

तर घाटकोपरच्या क्लासमध्ये प्रबुद्धचा डेमो चालू होता. विषय इंटिग्रेशनमधला इंटिग्रँड. क्लासचे मालक अल्पेशभाई मागच्या बाकावर बसून मान डोलवत होते. त्यांना पसंत पडलं तर बारावीचं गणित कायमचं त्याच्याकडे. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती. "दोन डगरींवर पाय ठेवणारा मास्तर आपल्याला नको. आधी मोकळा हो, मग ये." प्रबुद्ध सकाळीच मोकळा झाला. कांजूरमार्गच्या कॉल सेंटरला राजीनामा पाठवला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि थेट फळ्यासमोर उभा राहिला.

"खाखऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आणा," तो म्हणाला. "एका खाखऱ्याचं क्षेत्रफळ, तो इंटिग्रँड. त्याची जाडी, ती डीएक्स. एकटा खाखरा इतका पातळ, की त्याला कोणी विचारत नाही. पण एकावर एक रचत गेलं की डबा भरतो. तो भरलेला डबा म्हणजे इंटिग्रल."

पोरं भराभर उतरवून घेत होती. इतका गुणी वर्ग त्याने स्वप्नातही पाहिला नव्हता.

"आता खाण्यापिण्यातलं सोडून दुसरं उदाहरण कोण देईल?"

पहिल्या बाकावरची भाविका उठली. "सर, आमचा क्लास."

"तो कसा काय?"

"इथे रोज नवे सर येतात ना, डेमोला. कालच्या सरांनी लिमिट्स घेतल्या, तुमच्यानंतरचे सर इंटिग्रेशन बाय पार्ट्स घेतील. एकेक डेमो पातळच असतो. पण बेरीज केली की जानेवारीपर्यंत पोर्शन होतो. म्हणजे तुम्ही इंटिग्रँड ना, सर?"

उत्तर बरोबर होतं. प्रबुद्धने तिला व्हेरी गुड म्हटलं आणि फळा पुसून ठेवला.

"झकास घेतलंस," अल्पेशभाई दारात म्हणाले. "कळवतो हां."

जिन्यात बाय पार्ट्सवाले सर बसले होते. त्यांचाही शर्ट इस्त्रीचा होता.

दोन पायऱ्या खाली बसून प्रबुद्धने कॉल सेंटरला मेल लिहिला: "महोदय, आज सकाळी पाठवलेला माझा राजीनामा हा केवळ डेमो समजण्यात यावा, ही नम्र विनंती."