चारी चाकांचा जोर

महायुद्ध संपल्यावर लष्करी लिलावातल्या जुन्या गाड्यांतून वलवणच्या हौशीरामनं जीपच निवडली. विकणारा म्हणाला होता, "ह्यो दांडा वढला की चारी चाकं जोर लावत्यात. दगडांची ट्रॉली जोडून खुशाल खिंड चढा, ढकलाया कुनीबी लागायचं न्हाई."

खरंच कुणी लागलं नाही. त्याची बैलगाडी होती तेव्हा सगळे गाडीवान एकमेकांच्या चाकांना हात लावायचे आणि वर पोचून एकत्र शिदोरी सोडायचे. आता ते पोचेपर्यंत हौशीराम एकटाच जेवून निघालेला असायचा. घरीही दुसरं ताट नव्हतं.

आज खिंडीतल्या चिखलात जीप रुतली.

"नथू, हात लाव की रं!" हौशीरामनं मागून येणाऱ्या गाडीवानाला हाक मारली.

सगळे गाडीवान धावले, जीप वर आली, शिदोऱ्या सुटल्या.


दांडा हौशीरामनं ओढलाच नव्हता.