सत्तावीस नंबरची कबुली

“सत्तावीस नंबर कशाला बाहेर काढलास?”

“यंत्रात बारा खाने रिकामे राहत होते, मॅडम,” नवी तंत्रज्ञ म्हणाली. “सत्तावीसचे बाराच्या बारा आठवड्यांचे नमुने त्यात बरोबर बसले. वगळलेला आहे ते माहीत होतं, पण म्हटलं, रिकामं फिरवण्यापेक्षा भरून फिरवू.”

यंत्र सुरू झालं होतं, आता संशोधिकेनं बोलून उपयोग नव्हता. वर्षभर गोठवून ठेवलेले शौचाचे नमुने पहिल्यांदाच नव्या पद्धतीनं तपासले जात होते. माणसानं काय काय खाल्लं त्याचे बारीकसारीक अंश या पद्धतीत सापडत, आणि आतड्यात कोणते जंतू आहेत तेही कळे. गहू खाल्ला तर गहू, दूध प्यायलं तर दूध. तोंड लपवेल, पोट लपवत नाही, असं ती नव्या लोकांना गमतीनं सांगायची.

सत्तावीस नंबर म्हणजे तिची आई. प्रयोगशाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नियमात नातेवाईक बसत नाहीत. पण गेल्या वर्षी ऐनवेळी एक माणूस कमी पडलं आणि आई घरात आयतीच होती. अंगानं जाड, साखरेची जुनी दुखणेकरी, आणि लेकीच्या शब्दाबाहेर न जाणारी.

बारा आठवडे सगळ्यांचे जेवणाचे डबे प्रयोगशाळेतूनच जात. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या. गव्हाचा कणही नाही. या जेवणावर आतड्यातले उपयोगी जंतू वाढतील, साखर उतरेल, कंबर उतरेल, अशी कल्पना होती. कुणाची थोडी, कुणाची बरीच, पण बाकी एकोणतीस जणांची उतरली. आईचा काटा जागचा हलला नाही. रोजच्या वहीत मात्र तिची एकच ओळ असायची: ‘डब्यातलं सगळं खाल्लं. बाकी काही नाही.’

लेक रोज विचारायची. आधी हसत, मग आवाज चढवून. तिनं स्वयंपाकघरातली कपाटं उघडून पाहिली, एकदा तर आईची उशीसुद्धा उचलून पाहिली.

“अगं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? दुसरं काही तोंडात गेलं नाही गं बाई,” आई म्हणायची. पण पोट काय वाऱ्यावर वाढतं, असं म्हणून लेक वही आपटायची. आईपेक्षा तिला काट्याचं जास्त खरं वाटत होतं.

बाराव्या आठवड्यात प्रयोगाला मंजुरी देणारी समिती अडून बसली. या एका आकड्याचा खुलासा करा, नाहीतर पुढचा टप्पा विसरा. त्या संध्याकाळी लेक जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसली. सात वर्षांचं काम होतं ते. आई शेजारी येऊन उभी राहिली.

“माझ्या एकटीपायी अडलंय का गं?”

“तू खरं सांगितलंस तर नाही अडणार.”

सकाळी वहीत नवी ओळ होती: ‘रोज दुपारी चार बिस्किटं खात होते. चूक झाली.’

लेकीचा जीव भांड्यात पडला. तिनं शेरा मारला, ‘वही अविश्वसनीय, वगळावे’, आणि समितीनं मान डोलावली. घरात आईचं नाव पडलं बिस्किटचोर. मावशी आली की बिस्किटचोर, शेजारी बसायला आले की बिस्किटचोर. आईही सगळ्यांबरोबर हसायची. पाच महिन्यांनी तिचं हृदय थकलं. रुग्णालयात आयाबाईनं चहाबरोबर दोन बिस्किटं दिली, तेव्हा आईनं लेकीकडे पाहिलं आणि बशी बाजूला सारली. चोराच्या मनात चांदणं, असंच लेकीला तेव्हा वाटलं होतं. दोन दिवसांनी आई गेली.

“मॅडम, हे बघा ना!”

तंत्रज्ञ खुर्चीतून उठलीच. पडद्यावर सत्तावीस नंबरचे बारा आठवडे एकाखाली एक मांडले होते. गव्हापुढे शून्य. त्याखाली शून्य. शेवटपर्यंत शून्यच.

“गव्हाचा अंशही नाही! बिस्किट काय, बिस्किटाचा चुरासुद्धा पोटात गेलेला नाही यांच्या. आणि हे बघा, कडधान्यं फोडणारे जंतू यांच्या आतड्यात मुळात नव्हतेच. म्हणजे बिचाऱ्यांनी सगळं नियमानं खाल्लं, ते लागूच पडलं नाही. मॅडम, काम जंतूंचंच असतं, हा आपल्याला हवा असलेला पुरावा तर या एकट्या बाईंच्या पोटात होता, आणि आपण यांनाच वगळलं?”

संशोधिकेनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक शून्य मोजत खाली नेलं. मोजायचं काही नव्हतं, तरी तिनं बाराही मोजले. तिला आईची फार आठवण आली. ती स्टुलावर बसली.

तंत्रज्ञ आता जुनी वही चाळत होती. शेवटच्या पानावर ती थबकली.

“पण मग हे काय? खाऊन नाही म्हणणारे ढीगभर पाहिलेत मी. न खाता हो म्हणणारं कुणी असतं का? असं का लिहिलं असेल यांनी?”

“अकरा आठवडे मी तिच्या मागे लागले होते,” संशोधिका म्हणाली. “अकरा आठवडे आई खरं बोलली. मग तिला माझी दया आली.”